कॅमेऱ्यावरची वाफ

पायथ्याचा तळ,
४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचलो. माणसं पोचली, सामान पोचलं, फक्त माझी गादी घेऊन येणारा गडी कुठल्या तरी वळणावर रेंगाळलाय. तेव्हा सध्या रिळांच्या डब्यांवर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर डब्यांना दोष दे.

तुझी लेक मजेत आहे हे आधी सांगतो, नाहीतर तू पुढचं काही वाचायची नाहीस. इथवरच्या वाटेवर खारू सगळ्यांच्या पुढे होती. लहानपणी कपाटावर चढून बसायची आणि उतरवायला तू मला हाक मारायचीस. आता तीच मागे वळून मला विचारते की मामा, दमलास का. पाचजणींत वयाने सगळ्यात लहान, जेवणात सगळ्यात मोठी. पुढारीण आहेत त्यांना सगळ्या नुसतं बाई म्हणतात. शाळेत कवायत शिकवतात आणि शिट्टी गळ्यातून काढत नाहीत. ती वाजली की मीसुद्धा रांगेत उभा राहतो. शिवाय एक डॉक्टरीण, आणि एकमेकींशी भांडल्याशिवाय ज्यांचा पाय पुढे पडत नाही अशा दोघी बहिणी. पुरुष म्हणजे मी आणि आचारी.

निघताना भाऊजींनी स्टेशनावर मला विचारलं होतं की या बायका शिखर चढणार, तर तू तिथे नक्की काय करणार. त्यांना समजावून सांग. मी यांच्या आधी चढतो, बर्फात खड्डा करून बसतो आणि या खालून येताना कॅमेऱ्यात टिपतो. त्या पुढे गेल्या की कॅमेरा गुंडाळून पुन्हा त्यांना गाठतो आणि पुन्हा पुढे पळतो. म्हणजे एकच डोंगर दोनदा. पंचवीस वर्षं हेच चाललंय आणि अजून मला कुणी शहाणा म्हटलेलं नाही.

कॅमेरा मात्र यंदा म्हातारा झालाय. डोळा लावायच्या काचेवर सारखी वाफ धरते. पुसली की क्षणभर बरं वाटतं, पुन्हा धुरकट. थंडीत होतंच, पण यंदा जरा अतीच. पहिली रिळं डाकवाल्याबरोबर पाठवतोय. धुऊन आली की बघ आणि नेहमीसारखी नावं ठेव.

शिखराच्या शेवटच्या चढावर मात्र खारू माझ्याच दोराला बांधलेली असेल. तुला शब्द दिलाय, तो विसरलेलो नाही.

लोभ आहे तसाच राहू दे. ओरडायचं ते परत आल्यावर ओरड.

तुझा,
छोट्या

*

१६ एप्रिल

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

रिळं मिळाली, धुऊनही आली. दोन दिवस मी माझ्या खोलीबाहेर पडलेले नाही. खालचा टायरवाला अजून तसाच. त्याने चाकावर हातोडा घातला की वर माझ्या टेबलावर तुझा डोंगर उडी मारतो. शेवटी मी जिन्यातून ओरडले, तर तो काळेच्या काळे हात पाठीमागे धरून वर आला. कशालाही न शिवता बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला की या रस्त्यावर कुठलंच टायर टिकणार नाही. तुझ्या आजवरच्या सगळ्या फिल्म्स मी या टेबलावर कापल्या, जोडल्या, पण इतका नेमका अभिप्राय कुणी दिला नव्हता.

चित्रं सुरेख आहेत. सकाळी त्या पाचजणी ओळीने निघतात आणि शेवटचीच्या पाठीवर सूर्य येतो, तिथे मी टेबल थांबवून नुसती बसले. खारूची चाल बदललीय. खांदे सैल सोडून चालते. तिच्या बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले की बूट सैल बांधलेत. सध्या रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या की ते त्या निवेदकाशी भांडतात. तो म्हणाला वारा वाढेल, की हे म्हणतात तुला काय कळतंय. काळजी वाटते असं मात्र कबूल करायचं नाही.

आता नावं ठेवते. दूरचं सगळं लख्ख आहे. डोंगर, तंबू, आभाळ, कशाला बोट लावायला जागा नाही. पण माणूस जवळ आला की बिघडतं. खारू हसते तो चेहरा मऊ पडलाय आणि तिच्या पाठीवरच्या सॅकचे टाके मोजता येतील इतके स्पष्ट. बाईंचंही तेच, त्यांची शिट्टी दिसत नाही आणि मागची दोरी दिसते. फोकस चेहऱ्यावर नाही, हातभर मागे जातोय. जवळचं भिंग तपासून घे. पंचवीस वर्षांत तू अशी चूक केलेली नाहीस म्हणून लिहिते.

आणि शब्दाचं तू काढलंस ते बरं झालं. तिने परवानगी मागितली तेव्हा मी सरळ नाहीच म्हणाले होते, तुला ठाऊक आहे. मामा माझ्या दोरावर असेल असं ती म्हणाली तेव्हा कुठे मी हो म्हटलं. तिला धाडलंय ते तुझ्या भरवशावर. डोंगराचा मला काडीइतका भरवसा नाही.

स्वेटर ओला असताना अंगावर वाळवायचा नाही. माया आहे म्हणून बोलते, नसती तर गप्प बसले असते.

तुझी,
ताई

*

पायथ्याचा तळ,
२५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझ्या टेबलावरच्या दिव्याला शिव्या घातल्या, मग धुलाईवाल्याला, मग माझ्याच भिंगाला. भिंग काढून दुसरं बसवलं. डोळा लावायची काच सोडवून शर्टाच्या टोकाने पुसली, आचाऱ्याकडून गरम फडकं घेऊन पुसली, तरी वाफ जात नाही. खारूला बघायला दिलं तर ती म्हणते तिला स्वच्छ दिसतंय. तरुणपणी सगळं स्वच्छच दिसतं, असं मी तिला सांगितलं. तिने मग कॅमेरा तसाच धरून माझं थोडं चित्रण केलं, मी चहा पितानाचं. ते कापून टाक. माझी दाढी बघून लोक थिएटरातून उठून जातील.

बाकी बातमी चांगली. वरचे दोन तळ लागले. दोघी बहिणी वरच्या तळावर एकाच तंबूत राहून आल्या आणि दोघीही जिवंत आहेत. डॉक्टरीणबाई रोज सगळ्यांच्या नाड्या बघतात. माझी बघायला आल्या की मी कॅमेरा घेऊन पळतो, कारण मी त्यांचा पेशंट नाही, त्या माझ्या नट्या आहेत.

इथे मी सध्या करमणुकीचा विषय झालोय. काल बाईंना चहा ओतून दिला तो अख्खा कपाशेजारी. परवा उभ्या कड्यावर दोराला माझी कडी अडकवायला गेलो, तर ती दोराच्या बाजूला, हवेतच. दुसऱ्यांदाही तेच. खारूने पाठीमागून हात घालून अडकवून दिली आणि म्हणाली, मामा, दोर इकडे आहे. त्यावरून सगळ्या दिवसभर हसत होत्या. हातमोजे जाड आहेत, दुसरं काय.

दुसरी रिळं पाठवतोय. महिनाअखेरीला नाही, पुढच्या महिन्याच्या शेवटी हवा उघडेल असा बाईंचा अंदाज आहे. तेव्हा शिखर. शिखराचं चित्र हाताशी आलं की फिल्म झाली म्हणून समज. भाऊजींना म्हणावं, निवेदकाला जरा सबुरीने घ्या.

रागावशील तितकीच आठवणही काढ.

तुझा,
छोट्या

*

५ मे

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र डाकवाल्याच्या हातून घेतलंस की उभ्याउभ्या वाच, नंतर म्हणून ठेवू नकोस.

दुसऱ्या रिळांत तेच आहे. भिंग बदललंस तरी तेच. दूरचं लख्ख, चेहरे मऊ. पण त्यातच खारूने केलेलं तुझं चित्रण आलं. तोच कॅमेरा, तीच काच, तीच वाफ म्हणे, आणि तुझी दाढी इतकी स्पष्ट आहे की त्यातला पांढरा केस न् केस दिसतो. तिला स्वच्छ दिसत होतं कारण काच स्वच्छच होती.

मी ते रीळ पुढे-मागे किती वेळा फिरवलं ते विचारू नकोस. आचारी तुला कप देतो. तू हसत हात पुढे करतोस आणि मूठ मिटतोस, पण कप अजून पुढे असतो. मूठ रिकामीच मिटते. मग तू कुणाचं लक्ष नाही असं बघून हात पुन्हा पुढे नेतोस. छोट्या, वाफ कॅमेऱ्यावर नाही. तुझ्या उजव्या डोळ्यात आहे. कॅमेऱ्याला तू तोच डोळा लावतोस आणि डावा मिटतोस, म्हणून तुला तिथेच धुरकट दिसतं. एरवी डावा डोळा दोघांचं काम ओढतो, म्हणून तुला पत्ता नाही. पण अंतर कळायला दोन लागतात. चहा आणि दोराची कडी हे त्यातलंच.

डावा डोळा हाताने झाक आणि हे पत्र उजव्याने वाचून बघ. आणि आता त्या डॉक्टरीणबाईंपासून पळू नकोस.

हे लिहायला मी दोन दिवस लावले. का ते सांगते. तू वर जायचं थांबलास तर माझी पोरगी तुझ्याशिवाय वर जाणार. आणि मी गप्प राहिले तर दोराची कडी हवेत अडकवणाऱ्या माणसाच्या दोराला ती बांधलेली राहणार. हे दोन्ही मला नको आहे. तिसरं काही सुचतंय का म्हणून खिडकीशी बसले, खालून टायरवाल्याचा हातोडा ऐकला, भाजी करपवली. काही सुचलं नाही.

तू म्हणशील ताईची ही नवी युक्ती. एकदा छप्पर गळतंय अशी थाप मारून मी तुला मोहिमेवरून बोलावून घेतलं होतं, नाही म्हणत नाही. पण ती थाप स्वयंपाकघरातली होती. टेबलावर दिसलं त्याबद्दल मी तुला कधी खोटं सांगितलेलं नाही. तुझ्या वाईट शॉटला चांगलं म्हणाले नाही आणि चांगल्याला वाईट म्हणाले नाही.

तुझ्या भाऊजींना अजून काही सांगितलेलं नाही. उत्तर लवकर धाड.

माझा जीव थाऱ्यावर नाही, तो ठेवणं तुझ्या हातात आहे.

ताई

*

पायथ्याचा तळ,
१३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्याउभ्या वाचलं, तू सांगितलंस तसं. वाचून संताप आला. तू शहरात एका खोलीत बसून माझी मूठ पुढे-मागे फिरवतेस आणि मला आंधळा ठरवतेस. शिखर आता दोन आठवड्यांवर आहे. पंचवीस वर्षं मी इतरांना शिखरावर जाताना टिपलं, पण पाचजणी अशा मी पाहिल्या नाहीत. बाई म्हणतात की ही फिल्म मुलींच्या शाळाशाळांतून दाखवायची. शिखर नसेल तर ती फिल्म कसली? आणि मी नाही तर वर कोण टिपणार? डोळाबिळा काही मी झाकणार नाही. छपराच्या वेळीही तू असंच हृदयाला हात घालून लिहिलं होतंस.

१४ मे

काल पत्र बंद केलं नाही ते बरं झालं. सकाळी तंबूबाहेर बसून डावा डोळा झाकला.

मधोमध काही नाही, ताई. चहाचा डाग पडावा तसं. कडेने अक्षरं दिसतात, जिथे बघतो तिथलीच जातात. किती वेळ हात न काढता बसलो होतो. मला भीती वाटली. कड्यावर वाटते तशी नाही, लहानपणी गर्दीत तुझा हात सुटला होता तेव्हा वाटली होती तशी.

मग स्वतःच्या पायांनी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बारीक बॅटरी लावून पाहिलं. म्हणाल्या की उंचीमुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त आलंय, असं होतं, आणि उतरलं की पुष्कळांचं आपोआप निवळतं. वर गेलो तर वाढेल आणि कदाचित परत येणार नाही. त्यांचं म्हणणं की मी लगेच खालच्या गावी जावं. मी ऐकेना. शेवटी असं ठरलं की पायथ्याच्या वर एक पाऊल नाही, ओझं नाही, वाकायचं नाही. हे मी कबूल केलं, कारण खारू समोर उभी होती.

तुला दिलेला शब्द मोडला. तिच्या दोरावर मी नसेन. कड्यावरच्या त्या कडीचं तिच्याऐवजी माझ्या लक्षात आलं असतं तर मी आधीच थांबलो असतो, असं म्हणायला आवडलं असतं. पण मी थांबलो नसतो. तू लिहिलंस म्हणून थांबलो.

पुढचं खारू लिहील.

छोट्या

*

पायथ्याचा तळ,
१४ मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामाचं पत्र याच पाकिटात आहे, ते आधी वाच. तो आता बरा आहे, म्हणजे सगळ्यांवर खेकसतोय. आचाऱ्याला बटाटे सोलायला शिकवत होता.

मी तुला हे कळवायला हवं होतं. कडीचं मला विचित्र वाटलं होतं, पण मी इतरांबरोबर हसले. मामाचं काही चुकू शकतं हे मनातच आलं नाही.

बाईंनी आज दुपारीच मला बाजूला घेऊन विचारलं की कॅमेरा तू वर नेशील का. मामाकडे पाहिलं तर तो बूट बांधत होता, म्हणजे ऐकत होता. तेव्हापासून त्याने मला कामाला लावलंय. जाड मोजे घालून, डोळे मिटून रीळ भरायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. चुकलं की तो भिंतीकडे तोंड करून बसतो, तंबूला भिंत नसली तरी. फोकससाठी त्याने एका दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारून दिल्यात. दोरीचं एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं समोरच्या माणसाच्या नाकाला. जितक्या गाठी तितक्या आकड्यावर भिंग फिरवायचं, डोळ्यावर विसंबायचं नाही. दोरीने मोजतात ते स्टुडिओतले सुखवस्तू लोक, असं तो आजवर म्हणायचा. आता म्हणतो की डोळा माणसाला फसवतो, दोरी फसवत नाही. सगळ्यांची नाकं मोजून झाली आहेत. बाईंना गुदगुल्या होतात.

आता मुख्य. तू मला सोडलंस ते मामा दोरावर असेल या अटीवर. ती अट आता राहिली नाही. मी बाईंच्या दोरावर असेन. बाई चांगल्या आहेत, जपून आहेत, पण मामा नाहीत. मी अट मोडून पळून जाणार नाही. हवा महिनाअखेरीस उघडेल. सव्वीस तारखेपर्यंत तुझा निरोप आला नाही, किंवा तू नको म्हणालीस, तर मी मामाजवळ राहीन. फिल्म शिखराशिवाय होईल. मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण तुला कळू देणार नाही.

आई, मला जायचं आहे.

बाबांना सांग की बूट सैल बांधलेले नव्हते. तुझ्या मायेत ओढ असते ती यावेळी थोडी सैल सोडशील का?

तुझी,
खारू

*

२२ मे

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तार आधी पोचेल, हे पत्र मागून. तोवर तू कदाचित वर गेलेली असशील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी टेबलापाशी होते. बाबांनीच आणून दिलं. वाचून झाल्यावर त्यांच्या हातात दिलं आणि मामाचंही दिलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दोन्ही वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले की तू ठरव, मी ठरवलं तर मी नाहीच म्हणेन. मी म्हटलं, मीही नाहीच म्हणेन.  मग तेच म्हणाले की तिने पळून जायचं नाही असं लिहिलंय, हे वाचलंस ना. बाबा कधीकधी एकच वाक्य बरोबर वाचतात.

तारघरात गेले. पहिल्या कागदावर इतकं लिहिलं की खिडकीतला माणूस मान हलवायला लागला. गरम मोजे घाल, बाईंचं ऐक, घाई करू नकोस, वारा असेल तर परत फीर. सगळं खोडलं. हे तुला बाई सांगतील, मामाने सांगितलं असेल, आणि लहानपणापासून मी सांगत आलेच आहे. शेवटी एक शब्द उरला. त्या माणसाने विचारलं की मजकूर अपुरा राहिलाय का. मी म्हटलं, नाही, एवढाच आहे.

खारू, मला भीती वाटते. ती वाटत नाही असं लिहिलं तर तू हसशील. पण मामाला मी खरं सांगितलं ते तू सुरक्षित राहावीस म्हणून, आणि आता त्याच खऱ्याचा उपयोग तुला घरी बसवायला केला, तर मी फक्त स्वतःची सोय पाहिली असं होईल. तुला जायचं आहे हे तू सरळ लिहिलंस. म्हणून सरळ उत्तर दिलं.

वर पोचलीस की आमची आठवण काढू नकोस, पायाखाली बघ. माया सैल सोडलीय, पण टोक माझ्या हातात आहे.

आई

*

पायथ्याचा तळ,
५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिली ओळ हीच: सगळ्या सुखरूप खाली आल्या. पाचहीजणी. खारूच्या नाकाची साल निघालीय आणि एका करंगळीचं टोक बधिर आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात की येईल. ती सध्या झोपलीय. उठते, खाते, पुन्हा झोपते.

तार पंचवीस तारखेला आली. खारूने ती वाचली, घडी केली आणि जाऊन बूट बांधायला लागली. त्या निघाल्या त्या दिवशी मी तिची एकेक कडी हाताने चाचपून पाहिली. दिसत नाही म्हणून नाही, तशीच.

त्या वर होत्या ते दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. इतकी वर्षं मी वर असायचो आणि तू खाली. मला वाटायचं तुझं काम सोपं. माफ कर.

शिखरावरचं रीळ सोबत आहे. काय आलंय ते इथे कुणालाच माहीत नाही. खारू म्हणते बहुतेक फसलं, हात आखडले होते, दोरीच्या गाठी बर्फाने धरल्या होत्या. उद्या आम्ही खालच्या गावी उतरतो. डोळा थोडा बरा वाटतो, डागाच्या कडा पातळ झाल्यात. तिथे पंधरवडाभर थांबायचं आहे, डोळ्याला प्रवासाचे धक्के नकोत म्हणून. पत्र तिथल्या टपालघराच्या पत्त्यावर घाल.

रीळ कसं आहे ते खरं सांग. तुला दुसरं जमत नाही, पण तरी सांगतो.

तुझ्या मायेचं मी आयुष्यभराचं गिऱ्हाईक.

छोट्या

*

१७ जून

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

रीळ काल धुऊन आलं. खोलीत तुझे भाऊजी होते आणि टायरवालाही होता, त्याने हातोडा आपणहून बंद ठेवला होता.

खरं सांगते. सुरुवातीला नुसतं आभाळ आणि खारूचा अंगठा. मग कॅमेरा इतका भरकन फिरतो की भाऊजींना घेरी आली. उजेड जास्त, क्षितिजाची रेषा तिरकी. मग ती थांबते आणि दोरीने मोजते, ते कळतं कारण बाईंच्या नाकाशी बर्फाने पांढरी झालेली एक गाठ दिसते. आणि छोट्या, चेहरा लख्ख. पापण्यांवरचा बर्फ दिसतो. बाई रडताहेत आणि शिट्टी वाजवताहेत, आवाज नाही तरी गालावरून कळतं. दोघी बहिणी मिठी मारतात आणि लगेच हातवारे करून भांडतात. तुझं शिखर आलं आहे. फिल्म झाली.

त्यानंतर रीळ संपायला थोडं उरलेलं असताना तिने लांबचं भिंग लावलं आणि कॅमेरा खाली वळवला. मला वाटलं आता डोंगर दाखवेल, सगळे दाखवतात तसे. तिने डोंगर दाखवले नाहीत. खूप शोधलं, इकडेतिकडे, आणि मग तळ सापडला. तीन पिवळे ठिपके म्हणजे तंबू, आणि त्यांच्या बाहेर एक काळा ठिपका. तो तू आहेस. बसलायस. मग उठून उभा राहतोस, दोन पावलं चालतोस, पुन्हा बसतोस. एवढंच. तिने तिथेच कॅमेरा धरून ठेवला, रीळ संपेपर्यंत. तिला धाप लागलीय, चित्र तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होतं, पण तुला तिने चौकटीबाहेर जाऊ दिलं नाही.

मी तुला तिच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. ती जगातल्या इतक्या उंच जागी उभी होती आणि मामा ठीक आहे ना ते बघत होती. मला रडू आलं. भाऊजींनाही आलं, पण ते म्हणाले दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेऊन ठेवलीय, एकोणतीस तारखेची. दोघंही आधी घरी या.

हा शेवटचा शॉट लांबतो. माझ्या हिशेबाने तो निम्म्यावर कापायला हवा, आणि मी आजवर कुणाच्याही भिडेला पडून लांब शॉट ठेवलेला नाही. कालपासून कैची हातात घेते आणि खाली ठेवते. तू ये, माझ्या शेजारी बस, डाव्या डोळ्याने बघ, आणि कुठे कापायचा ते सांग. मला तर तो कुठेच कापवत नाहीये.

दोघांची वाट बघणारी,
ताई